ओटा मला बराबर बसला

जालना, मंठा रोडकडची नवी वस्ती
(घराला अजून नंबर पडला न्हाई, पण गच्चीवर पिवळी टाकी असलेलं घर म्हणलं की कुणीही दाखवतं)

भोकरदनचे आमचे मानाचे मेव्हणे राधाकिसनराव यांना त्यांच्या दाजीचा, म्हणजे बद्रीनाथचा, मनापासून रामराम. तुमच्या आईंना माझा दंडवत सांगा, त्यांचा गुडघा आता कसा आहे ते कळवा. रूपालीवहिनींना नमस्कार. आडतीवर उन्हाळी मक्याची आवक सुरू झाली असंल, तर पोत्यांमधून चालताना पाय जपा, मागच्या साली मुरगळलेला पाय तुम्हाला अजून सकाळी त्रास देतो असं तुमच्या अक्का, म्हणजे आमच्या घरच्या, सांगत होत्या. अक्का कशा आहेत हे मी विचारत न्हाई, कारण माहेरी माणूस चांगलंच असतं. नुसतं आपलं सहज, जेवण बरं चाललंय का, धुळीचा खोकला गेला का, अन् दिवसातून एखाद्या वेळेला जालन्याचं नाव काढतात का, एवढं कळालं तरी पुरे.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना दाजींना पत्र लिहायची लहर कुठून आली. तर फोन मी करून बघितला. तुमच्या घरी फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून फडताळात ठेवता अन् सगळं घर भोवती जमतं. मी हॅलो म्हणलं की पलीकडं भांडं आदळल्याचा आवाज येतो, अन् ते कुणी आदळलं हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला बराबर ओळखू येतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते वहिनींच्या फोनवर जातं अन् जेवताना मोठ्यानं वाचलं जातं (मागच्या वेळी मी पाठवलेलं फूलसुद्धा वाचून दाखवलं म्हणे). म्हणून कागद घेतला. कागदावर माणसाला शांतपणे बोलता येतं, मधीच कुणी टोकत न्हाई. पत्राला तसं खास कारण काही न्हाई. घराचं काम संपलं, सामान लागलं, माझा जीव भांड्यात पडला, ही आनंदाची बातमी तुम्हाला कळवावी एवढंच.

येत्या ज्येष्ठात वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला आहे. तो हुकला तर आषाढ लागतो अन् मंग दिवाळीपर्यंत गुरुजी तोंड उघडत न्हाईत. पूजेला जोडीनं बसावं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे, अन् आमच्या जोडीतली अर्धी जोडी सध्या तुमच्या घरी आहे. मी वाटूरला आमच्या गुरुजींकडं जाऊन अडचण सांगितली, सोबत सोनूबाई आत्या होती (तुमच्या लग्नात पंगतीत रुसून बसली होती ती, माझ्या वडिलांची बहीण). गुरुजी म्हणले, बायको हजर नसली तर कमरेला सुपारी खोचून नवऱ्याला एकट्याला बसता येतं, तशी सोय आहे. आत्यानं तिथल्या तिथं बटव्यातून सुपारी काढून माझ्यापुढं धरली. मी न्हाई म्हणलं. ज्या बाईचं घर आहे तिच्या जागी सुपारी खोचून मी बसणार न्हाई, मुहूर्त गेला तर गेला. हे मी रागानं न्हाई, अगदी गोडीत म्हणलो, पण त्या दिवसापासून आत्या फोनवर माझ्याशी फक्त हां अन् हूं करते.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला न्याय करायला सोपं जाईल (न्याय करा असं मी म्हणत न्हाई, पण अक्कांची बाजू तुम्ही रोज ताटावर ऐकून राह्यला असाल, तर माझी बाजू लेखी असलेली बरी). हे घर मी अर्धं बांधलेलं घेतलं. आधीच्या मालकाची बदली झाली अन् तो भिंती अन् स्लॅबवर काम सोडून गेला. ना प्लास्टर, ना फरशी, ना दारं-खिडक्या, नुसती विटांची खोकी उभी. एमआयडीसीतल्या आमच्या बियाणं कंपनीतले सगळे म्हणले, नशीबवान आहेस, अर्धं काम आयतं मिळालं. राधाकिसनराव, माझं ऐका, दुसऱ्यानं अर्धं केलेलं काम कधी घेऊ नका. नवा मिस्त्री आला की तो पहिले काही दिवस जुन्या मिस्त्रीला नावं ठेवण्यात घालवतो. ही भिंत बघा साहेब, हा कोपरा बघा, कुणी केलं हे काम. ते ऐकताना मान आपण हलवायची, चहा पण आपणच पाजायचा, अन् भिंत मात्र होती तशीच राहते.

घर घेतलं त्या दिवशी तुमच्या अक्का एकच गोष्ट बोलल्या. आमच्या भाड्याच्या घरातला स्वयंपाक तुम्ही पाह्यलाय. बोळीत लोखंडी स्टँड, त्यावर शेगडी, बाजूला मोरी, अन् डोक्यावर जिना, त्यामुळं मान खाली घालूनच भाकरी थापायची. आमच्या पोरीचे, अर्पिताचे, शाळा-कॉलेजचे डबे, कंपनीतल्या माझ्या पाळीचे डबे, आला-गेला पाव्हणा, सगळ्यांचं जेवण त्या बोळीतून निघालं. पाठ धरली तरी बाईनं कधी तोंडातून शब्द काढला न्हाई. त्या म्हणल्या, घर तुमच्या मनासारखं करा, रंग कोणताही द्या, दार कुठंही ठेवा, फक्त ओटा मला माझ्या बेताचा पाहिजे, मला ताठ उभं राहून स्वयंपाक करायचाय. एवढी एकच मागणी. मी म्हणलं, हात्तिच्या, ओट्यात काय एवढं. हे मी तेव्हा फार मोठेपणानं म्हणलो होतो.

मंग चौकट बसवायचा दिवस आला. हळद-कुंकू, नारळ, आंब्याची पानं, सगळं रीतीनं केलं. आत्याला मुद्दाम वाटूरहून आणलं, कारण आमच्याकडं रीत म्हणजे आत्या. चौकट उभी राह्यली, मिस्त्रीला टॉवेल-टोपी झाली, अन् पेढे वाटता वाटता आत्यानं जाहीर केलं की आमच्या कुळात चौकट बसल्यावर घरची लक्ष्मी वास्तुशांतीच्या आधी उंबरा ओलांडत न्हाई, पूजेच्या दिवशी नव्या नवरीसारखी पहिल्यांदा आत येते. कुळाचं नाव निघाल्यावर मी गप्प बसलो. अक्का एवढंच म्हणल्या की मंग आतलं काम कोण बघणार. आत्या म्हणली, बद्री बघंल की. ते ऐकून अक्कांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते मी पाह्यलं होतं, पण मला वाटलं ऊन लागलं असंल.

समोर उषाबाई राहतात, फार भली बाई. त्यांनी आपल्या दारातल्या लिंबाखाली अक्कांना खुर्ची टाकून दिली. रोज दुपारी अक्का तिथं बसायच्या अन् तिथून आमचं घर चालवायच्या. मी फरशीचा नमुना घेऊन रस्ता ओलांडायचो, त्या बोट फिरवून बघायच्या, मान हलवायच्या, मी परत आत. नळ कोणत्या बाजूला, बटणं कुठं, देव्हारा कोणत्या भिंतीला, सगळं असंच रस्ता ओलांडून ठरलं. फरशी कापायचं मशीन चालू असलं की त्या हातवारे करायच्या. एकदा त्यांनी दोन्ही हात लांब पसरून दाखवले, ते खिडकी मोठी घ्या असं होतं. मी समजलो काम बंद करा. मी बंद करा म्हणल्यावर संपत मिस्त्री इतक्या आनंदानं घरी गेला की दुसऱ्या दिवशीही उगवला न्हाई. रंगाचं कार्ड त्यांना भर उन्हात दाखवलं, तिथं जो फिक्का पिस्ता दिसला तो आत भिंतीला लागल्यावर असा काही उठला की पुढच्या खोलीत बसलेला माणूस आजारी वाटतो. (तुम्ही आलात की कुणाला तब्येत विचारत बसू नका, सगळे चांगले असतात, भिंतीमुळं तसं दिसतं.)

उशीर का झाला, असं तुम्ही मागं फोनवर विचारलं होतं, तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता सांगतो. संपत मिस्त्री माणूस वाईट न्हाई, पण त्याला नातेवाईक फार. सिमेंट उतरलं की त्याच्या नात्यात लग्न निघायचं, वाळू उतरली की बारसं. नळवाला म्हणायचा आधी फरशी होऊ द्या. फरशीवाला म्हणायचा आधी पाइप टाकून घ्या. लाइटवाला दोघांचं मिटंपर्यंत गावाकडं गेल्ता. प्लास्टरला पाणी मारायचं तर टँकरची पाळी. एकदा टँकर आला तेव्हा मी पाइप धरून घराच्या सगळ्या भिंती अशा मनसोक्त भिजवल्या की प्यायचं पाणी भरायचं राहून गेलं, अन् घागर घेऊन उषाबाईंच्या दारात जावं लागलं. सळईच्या कारखान्यांच्या गावात राहून खिडकीच्या गजांसाठी मी वेल्डरच्या मागं कितीतरी दिवस फिरलो. शेवटी तो आला, सगळ्या खिडक्यांना गज ठोकून गेला, अन् मंग संपतच्या ध्यानात आलं की त्याची लांब शिडी खिडकीतून आत आणलेली होती. दारातून ती काही केल्या वळंना. ती शिडी अजून आमच्या बैठकीत उभी आहे, संपत येता-जाता तिच्याकडं बघून उसासा टाकतो.

त्यात भाड्याच्या घराच्या मालकाकडं लग्न निघालं अन् त्यांना आमच्या खोल्या पाव्हण्यांसाठी पाहिजे झाल्या. माणूस इतका सभ्य की त्यानं एकदाही खाली करा म्हणलं न्हाई, फक्त रोज सकाळी येऊन दाराला रंग कोणता द्यावा असं आम्हालाच विचारायचा. मंग टेम्पो बोलावला. आमचा एवढ्या वर्षांचा संसार दोन खेपांत उरकला, याचं मला जरा वाईटच वाटलं, निदान तिसरी खेप तरी लागायला पाहिजे होती. सगळं आत गेलं, ज्वारीची पत्र्याची कोठी तेवढी गेली न्हाई. दार अरुंद पडलं. आडवी केली, उभी केली, तिरपी केली, शेवटी ओसरीतच ठेवली. आता येणारे-जाणारे लोक ओसरीतली कोठी बघून ज्वारी काय भाव देता असं विचारतात. मी आत सिमेंटच्या पोत्यांमधी अंथरूण टाकलं, अन् अक्का उंबरा ओलांडायचा न्हाई म्हणून उषाबाईंच्या घरी. नवरा-बायको आमनेसामने राहून सकाळी एकमेकांना हात करायचो. गल्लीतल्या लोकांना वाटलं भांडण झालंय. खरं भांडण तेव्हा व्हायचंच होतं.

ते असं झालं. त्या दिवशी अक्का अंबडला एका लग्नाला गेल्त्या. मी सुट्टी टाकून कामावर उभा होतो. संपतनं स्वयंपाकघरात हाक मारली अन् विचारलं, ओटा किती उंच घ्यायचा. मी अक्कांना फोन लावला. तिकडं बँड वाजत होता, त्यांना माझं ऐकू येईना, मला त्यांचं. संपत म्हणला, साहेब, आज ओटा न्हाई धरला तर उद्यापासून मी दुसऱ्या साइटवर. आता संपत दुसऱ्या साइटवर गेला की काय होतं ते मी भोगलेलं होतं. मी भिंतीजवळ जाऊन ताठ उभा राह्यलो, कोपर वाकवलं अन् म्हणलं, इथं. त्यानं खूण केली. तुम्ही मला पाह्यलंय, गोदामातल्या वरच्या थप्पीची थैली मला शिडीशिवाय निघते. अन् तुमच्या अक्का माझ्या खांद्याच्याही खाली येतात. हे मला माहीत न्हाई असं न्हाई, इतकी वर्षं शेजारी उभा आहे. पण त्या घडीला डोक्यात एवढंच होतं की ओटा ताठ उभं राहून वापरायचा आहे, अन् मी ताठ उभा होतो.

ओटा झाला, वर काळं ग्रॅनाइट बसलं, सुंदर दिसायला लागलं. अक्का रस्त्यापलीकडून रोज विचारायच्या, ओटा कसा झाला, अन् मी म्हणायचो, एक नंबर. एक दिवस त्यांना राहवलं न्हाई. उंबरा ओलांडायचा न्हाई, पण खिडकीतून बघू नका असं काही आत्या म्हणली नव्हती. त्या घराच्या मागं गेल्या, विटांच्या ढिगावर चढल्या अन् स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघितलं. मला म्हणल्या, जरा ओट्यापाशी उभे राहा. मी ऐटीत उभा राह्यलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं, अन् म्हणल्या, हा तर तुमच्या मापाचा झाला. आवाज चढला न्हाई, काही न्हाई. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणलं, त्यात काय, सुताराकडून एक पाट करून घेऊ, त्यावर उभी राहत जा.

अक्का विटांवरून खाली उतरल्या. उषाबाईंकडं जाऊन पिशवी भरली अन् भोकरदनच्या गाडीची वेळ विचारली. मी मागोमाग स्टँडवर गेल्तो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला दुसरं काही सुचंना, म्हणून म्हणलं, ऊन फार आहे, पाण्याची बाटली असू दे. बाटली त्यांनी घेतली. तेवढ्यावर समाधान मानून मी परत आलो. संध्याकाळी पुण्याला अर्पिताला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं पोरगी बापाची बाजू घेईल. ती म्हणली, पप्पा, तुम्ही खरंच पाट म्हणालात? अन् फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून त्या ओट्यावर मीच स्वयंपाक करून राह्यलो, अन् खरं सांगायचं तर ओटा मला बराबर बसला. पाठ वाकत न्हाई, मान अवघडत न्हाई, पळी हाताशी, मिठाचा डबा हाताशी. भाकरी पण आता जमायला लागली आहे, फक्त उलटताना ती अर्धीच उलटते अन् अर्धी तव्यालाच राहते. कंपनीतले लोक घर बघायला येतात, सगळीकडं छान छान म्हणतात, स्वयंपाकघरात आले की ओट्याजवळ थांबतात अन् विचारतात, वहिनी उंच आहेत का हो. मी म्हणतो, बेताच्या आहेत. मंग मी त्यांना पुढच्या खोलीत नेऊन त्या हिरव्या भिंतीपुढं बसवतो.

परवा सुट्टीच्या दिवशी वरण उकळत होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी गुडघे वाकवून अक्कांच्या उंचीइतका खाली गेलो अन् तसाच राहून फोडणी द्यायला लागलो. पातेल्यात काय चाललंय ते दिसंना. पळी धरावी तर हात खांद्याच्या वर जायला लागला. मोहरी तडतडली ती सरळ कपाळावर. मी जरा वेळ तसाच वाकून राह्यलो. राधाकिसनराव, मला फार वाईट वाटलं. बाईनं सगळा जन्म मान खाली घालून स्वयंपाक केला, अन् मी तिला टाचा वर करून करायला लावणार होतो, ते पण नव्या घरात. मंग गॅस बंद केला, कपाळाला खोबरेल लावलं अन् वरण बिनफोडणीचंच खाल्लं.

तर असं हे सगळं निस्तरलं. आता घरात धूळ न्हाई, मशीनचा आवाज न्हाई, सकाळी उठून कुणाची वाट बघायची न्हाई. नळाला हात लावला की पाणी येतं, बटण दाबलं की त्याच खोलीतला दिवा लागतो (आधी शेजारच्या खोलीतला लागायचा). ओसरीत बसून चहा पिताना मला खरंच हलकं वाटतं. ओट्याची तेवढी किरकोळ बाब आहे, ती होऊन जाईल, तिचा विषय घरात काढू नका. तुम्ही सगळ्यांनी पूजेला यायचं आहे, आईंना गाडी करून आणा, उतरायची सोय उषाबाईंकडं केली आहे. पूजेत बसताना अक्कांना माहेरची साडी लागते, ती तुम्ही घेणारच. रंग मात्र त्यांना विचारून घ्या, अन् दुकानात सावलीत उभं राहून बघा. वहिनींना सांगा, मी अजून बारीक झालो न्हाई. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना पुन्हा एकदा दंडवत, अन् ज्यांचं नाव मी मुद्दाम लिहिलं न्हाई त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
बद्रीनाथ दाजी

ता. क. ओट्याची बाब किरकोळ आहे असं वर लिहिलं, ते पत्र कुणाच्या हाती पडंल सांगता येत न्हाई म्हणून. काम संपलं हे पण तितकंसं खरं न्हाई. घरात आता ओटाच न्हाई. वरण खाल्लं त्याच दिवशी संपतला बोलावून तो फोडायला लावला. ग्रॅनाइट तेवढं सांभाळून काढून भिंतीला टेकवलंय, शेगडी जमिनीवर आहे, मी पाटावर बसून स्वयंपाक करतो. (पाट सुतारानं आणून दिला, मी सांगितलेलाच होता.) संपतनं विचारलं, आता किती उंच घ्यायचा. खांद्याच्या खाली म्हणजे किती खाली, कोपर जमिनीपासून कुठं येतं, काही सांगता येईना. एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचा हात कुठवर येतो हे मला माहीत न्हाई, असं मिस्त्रीपुढं म्हणायची पाळी आली. तर पत्राचं खरं कारण हे की अक्कांच्या कोपराचं माप गुपचूप घेऊन कळवा. जल्दी कळवा, संपतच्या भाच्याचं लग्न जवळ आलंय.

आणखी एक. तुमच्या घरच्या ओट्याचं माप पाठवू नका, त्यावर पण वाकावं लागतं असं अक्का दर दिवाळीला माहेराहून आल्यावर सांगतात (हे वहिनींना बोलू नका). ब्लाऊजवरून काढता येत न्हाई, मी इथं पेटीतलं एक काढून बघितलं, त्यावरून दंड कळतो, जमीन कळत न्हाई. वहिनींनी त्यांना दाराशी बोलत उभं करावं अन् कोपराजवळ भिंतीवर हळूच पेन्सिलीची खूण करावी. पायात चप्पल असली तर तेवढं वजा करा. टेप मात्र हातात दिसू देऊ नका, त्या लगेच ओळखतील.

सकाळी लिहितोय. आमच्या कंपनीचा टेम्पो आज कपाशीचं बियाणं घेऊन भोकरदनला येतोय, त्यावर कल्याण नावाचा ड्रायव्हर आहे, तो हे पाकीट तुमच्या आडतीवर आणून देईल. पाकीट चिकटवायला घेतलं अन् ध्यानात आलं की मी पुन्हा तेच करून राह्यलो. एकदा त्यांना न विचारता माप दिलं, आता त्यांना न विचारता माप घेतोय. तेव्हा वरचं सगळं राहू द्या, भिंतीवर खुणा करू नका. हे पत्र अक्कांच्या हातात द्या, अन् पहिल्या ओळीपासून वाचू द्या.

सत्यशीला, आत्ताच आत्याला फोन केला. म्हणलं, पूजेच्या आधी ती घरात येणार आहे, तुला राग आला तरी चालंल. आत्या म्हणली की नियम तिनं चौकटीची हळद वाळंपर्यंतच सांगितला होता, पुढचं आपण आपल्या मनानं वाढवलं. हे खरंच तसं होतं की आत्यानं आत्ता ठरवलं, ते मी विचारलं न्हाई. तू ये. सरळ आत ये, स्वयंपाकघरात भिंतीजवळ उभी राहा, अन् हात कुठं टेकतो ते संपतला तूच सांग. मी मधी बोलणार न्हाई. पाटाचं बोललो ते चुकलं माझं. कल्याणचा टेम्पो दुपारी रिकामा परत येतो, यायचं असंल तर पुढं बसायला जागा आहे, न्हाई तर मी उद्या गाडीनं घ्यायला येतो. ओटा तुझ्या मापाचा झाला की सकाळचा चहा मी करत जाईन. मला वाकून करावा लागंल, पण करीन.